मीठ बंद केलेली माणसं

रुग्णालयात मला नाव होतं, हुद्दा होता, दारावर पाटीही होती. पण पेशंट आणि त्यांचे नातेवाईक मला ‘अळणीवाल्या बाई’च म्हणायचे. वॉर्डात शिरताना ‘आल्या बरं का अळणीवाल्या बाई’ असं कानावर पडायचं आणि पाठोपाठ उशाखाली काहीतरी सरकवल्याचा आवाज यायचा. बहुतेक वेळा ती लोणच्याची बाटली असायची.

परभणीला गृहविज्ञान शिकून मी औरंगाबादच्या एका धर्मादाय रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून लागले. शहराचं नाव आता बदललं आहे, पण तेव्हाच्या गोष्टी सांगते आहे म्हणून तेव्हाचंच नाव तोंडात येतं. डॉक्टर केसपेपरवर ‘मीठ बंद’ एवढे दोन शब्द लिहून पुढच्या खाटेकडे जात. त्या दोन शब्दांचा अर्थ माणसाला समजावून सांगायचा आणि तो त्याच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचेल असं बघायचं, हे माझं काम.

ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मीठ शरीरात पाणी धरून ठेवतं. पाणी वाढलं की रक्तवाहिन्यांतला दाब वाढतो आणि तो वर्षानुवर्षं तसाच राहिला की हृदय, मूत्रपिंडं, मेंदू, डोळे अशा सगळ्यांना त्रास होतो. मीठ कमी केलं की पुष्कळांचा दाब उतरतो. सगळ्यांचा सारखा उतरत नाही. आता गोळ्या इतक्या चांगल्या निघाल्या आहेत की बहुतेकांना ‘वरून मीठ घेऊ नका, लोणचं-पापड सोडा’ एवढं सांगून भागतं. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला गोळ्या मोजक्या होत्या, त्याही सगळ्यांना सोसायच्या नाहीत. ज्याचा दाब फारच चढलेला असेल त्याला आमचे फिजिशियन कडक पथ्यावर ठेवत. कडक म्हणजे स्वयंपाकात मीठ नाहीच. शिवाय खायचा सोडा, पापडखार, पाव, बिस्किटं, फरसाण, खारे दाणे, सगळं बंद. भात, भाकरी, फळं, गूळ, मोजकं दूध आणि बिनमिठाची भाजी. हे पथ्य औषधासारखंच डॉक्टरांच्या नजरेखाली द्यावं लागतं. उन्हात घाम गाळणाऱ्या माणसानं मनानंच मीठ तोडलं तर तो चक्कर येऊन पडतो. असे पडलेलेही आमच्याकडेच यायचे.

पथ्य मोडण्यात माणसाची बुद्धी किती चालते हे बघायचं असेल तर माझ्या खुर्चीत बसायला हवं होतं. एक निवृत्त नायब तहसीलदार महिनाभर सैंधव घातलेली आमटी खात होते. मी हरकत घेतली तर म्हणाले, “आपला आदेश मिठाबाबत होता. सैंधवाचा त्यात उल्लेख नाही.” एका वकिलांच्या पत्नीनं मिठाची बरणी कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली. वकीलसाहेब संध्याकाळी फिरायला म्हणून निघत आणि गारखेड्यातल्या ओळखीच्या घरांतून मीठ-जिरं घातलेलं ताक पिऊन येत. त्यांच्या पत्नीला वाटायचं, फिरण्यानं चेहरा किती टवटवीत झाला आहे!

अशी माणसं आली की मला राग येत नसे. त्यांच्याजवळ मोडायला पथ्य तरी होतं.

पाऊस एकामागून एक वर्षं हुकला तेव्हा वेगळी माणसं येऊ लागली. जालन्याकडच्या मोसंबीच्या बागा वाळून सरपणाला गेल्या होत्या आणि माझ्या टेबलावरच्या छापील कागदावर मात्र ‘ताजी फळे भरपूर घ्यावीत’ असं लिहिलेलं होतं. अजिंठ्याकडून मेंढरं घेऊन शहराच्या कडेला उतरलेले एक धनगर बाबा आठवतात. दाब चढलेला, पायाला सूज. मी विचारलं, जेवता काय?

“भाकर.”

“भाकरीबरोबर?”

“मिरची आन् मीठ.”

“मीठ सोडावं लागेल, बाबा.”

ते अगदी शांतपणे म्हणाले, “मंग राहिलं काय बाई? मिरचीच ना?”

मी कांदा म्हणाले, लिंबू म्हणाले, ताक म्हणाले. ते प्रत्येक शब्दाला मान हलवत होते. गोळ्या घेऊन गेले, परत आले नाहीत. मेंढरांबरोबर पुढं गेले असतील किंवा गेले नसतील. या नोकरीत निम्म्या गोष्टींचा शेवट आपल्याला कळतच नाही.

वच्छलाबाईंच्या गोष्टीचा कळला, म्हणून ती सांगते.

वाळूजला कारखाने वाढत होते आणि त्यांच्या शेजारी बजाजनगरची वस्ती उभी राहत होती. पत्र्याच्या खोल्या, अर्धवट भिंती, रस्त्यावर वाळूचे ढीग आणि एकेका खोलीत राहणारी चार-पाच पोरं. त्या पोरांसाठी वच्छलाबाई खानावळ चालवायच्या. अजिंठ्याजवळच्या खेड्यातून नवऱ्याबरोबर मजुरीला आलेल्या. नवरा दगडूबा बांधकामावर होता. एकदा शेजारच्या पोरांनी भाकरी मागितली, वच्छलाबाईंनी करून दिली आणि वर्ष-दीड वर्षात त्याची खानावळ झाली. पाटी नव्हती. पोरं ‘मावशीकडं’ जेवायची.

बाईंचं डोकं आधीपासूनच दुखायचं. त्या कपाळाला चिंधी बांधून चुलीसमोर बसायच्या. मग दिसायला अंधुक झालं. तव्यावरच्या भाकरीला पापुद्रा सुटला की नाही ते दिसेना. बोटानं चाचपू लागल्या आणि बोटं भाजू लागली. चष्मा करायला म्हणून शहरात आल्या. चष्मेवाल्यानं डोळ्यांच्या डॉक्टरांकडे धाडलं, त्यांनी डोळ्याच्या आत उजेड टाकून पाहिलं आणि चष्म्याचं नाव न काढता आमच्याकडे पाठवलं. दाब इतका चढला होता की डोळ्यांच्या पडद्याला सूज आली होती.

आमचे डॉक्टर वयस्कर, हळू बोलणारे. त्यांनी बाईंना भरती करून घेतलं. एका गोळीनं बाईंचा जुना दमा उसळला, दुसरीनं पाय सुजले. जी गोळी सोसली ती एकटी पुरेना. तेव्हा त्यांनी मला बोलावलं.

“निम्मं काम तुमचं आहे आता,” ते म्हणाले. “कडक पथ्य. दाब लवकर उतरला नाही तर नजर परत येणार नाही.”

मी खाटेशी गेले. पन्नाशीच्या आतल्या, सडसडीत, हातावर भाजल्याचे जुने डाग. दगडूबा पायथ्याशी उभे होते. मी काय काय बंद ते सांगितलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

“ताई, मी दुसऱ्याला जेवू घालून खाते,” त्या म्हणाल्या. “मीच आळणी खाल्लं तर मला कळंल कसं, भाजीत काय पडलं आन् काय नाय ते?”

“आधी डोळे, मग भाजी.”

“डोळ्यानं भाजी व्हत नाय. जिभंनं व्हती.”

तेवढ्यात दगडूबा पहिल्यांदा बोलले. “वच्छे, तुला मी दिसतो का?”

बाईंनी मान वळवली. “दिसतो. तोंड नाय दिसत.”

“मंग खा आळणी,” दगडूबा म्हणाले आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन बसले.

त्या तीन आठवडे आमच्याकडे होत्या. पहिल्या दिवशीचं ताट जवळजवळ तसंच परत आलं. दुसऱ्या दिवशीही. मी रागावले तर म्हणाल्या, “आळणी हाय म्हणून नाय म्हनत. तुमच्या दुधीला फोडणीच नाय ताई. पाण्यात उकडून मीठ तेवढं काढून घेतलंय.” आमच्या आचाऱ्यांना हे लागलं, पण ते खरं होतं. ‘बिनमिठाचं’ म्हणजे ‘बिनकष्टाचं’ असा आमच्या स्वयंपाकघराचा समज झाला होता. मी बाईंनाच विचारलं की तुम्ही काय घालाल. मग दुपारी वर्दळ कमी झाली की बाई, एक आचारी आणि मी एका शेगडीवर प्रयोग करू लागलो. लसूण तांबूस होईपर्यंत परतून, भाजलेलं जिरं, लिंबू फोडणीनंतर, चिंच थोडी, कच्चा कांदा वरून. भरलं वांगं जमलं. मुगाचं वरण लिंबावर निभावलं. हिरव्या टोमॅटोची चटणी बाईंनी स्वतः खाऊन बाजूला सारली. म्हणाल्या, “ह्याला देव बी वाचवू शकत नाय.”

दाब उतरू लागला. एकदम नाही, पायरी पायरीनं. एका सकाळी मी राउंडला गेले तेव्हा बाई खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. मला म्हणाल्या, “समोरच्या गच्चीवर कुणाचं तरी धुणं हाय. लाल लुगड्याला काठ हाय का हिरवा?” मी बघितलं. होता. त्यांनी एवढंच म्हटलं, “हाय ना? मग ठीक.”

इकडे बजाजनगरात दगडूबा खानावळ चालवत होते. त्यांच्या भाकरीबद्दल पोरांनी पुढे मला पुष्कळ सांगितलं. एकानं एक भाकरी पत्र्यावर आपटून आवाज ऐकवला होता म्हणे.

बाई घरी गेल्या, दर पंधरवड्याला दाखवायला येऊ लागल्या. थंडीचे दिवस बरे गेले. फेब्रुवारी-मार्चमध्ये दाब पुन्हा वर सरकू लागला. थोडा, मग आणखी थोडा. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाईंकडे पाहिलं.

“मीठ खात नाय मी,” त्या न विचारताच म्हणाल्या.

असं सगळेच म्हणतात. नायब तहसीलदारही म्हणाले होते. पण बाईंच्या बोलण्यात दुसरीच काळजी होती. खानावळीतली पोरं कमी होऊ लागली होती. पलीकडच्या गल्लीत नवी खानावळ निघाली होती आणि पोरं तक्रार करत होती की मावशीच्या हातची चव गेली, सगळं सपक लागतं.

“मी चाखते आन् थुकून टाकते, गिळत नाय,” त्या म्हणाल्या. “पर मला बरोबर लागतं ते त्यांना आळणी लागतं. काय करू सांगा.”

डॉक्टर म्हणाले, “एकदा घरी जाऊन बघा.” आमच्याकडे अशी घरभेटीची पद्धत नव्हती, पण त्यांनी सांगितलं म्हणून मी एका रविवारी बसनं बजाजनगरला गेले.

गल्लीच्या तोंडापासून दोन्ही बाजूंना निळे ड्रम ओळीनं मांडलेले होते. टँकर यायचा होता. कधी, ते कुणालाच माहीत नव्हतं. वच्छलाबाईंची खोली शेवटची. आत एक खाट, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिच्याखाली भांड्यांची मांडणी. बाहेर पत्र्याची शेड, तिथं चूल आणि जेवणाऱ्यांच्या पंगतीची जागा. दगडूबा पीठ मळत होते. बाईंनी “जयभीम ताई” म्हणून मला खाटेवर बसवलं.

मी आधी दगडूबांना एकीकडे घेतलं. खरं सांगायचं तर माझा संशय त्यांच्यावर होता. अनेक नवरे आणि त्याहून अधिक बायका दयेपोटी ताटात चिमूट टाकतात. मी सरळ विचारलं.

“व्हय,” ते म्हणाले. “टाकलं व्हतं एकदा. चिमटीभर. मला बघवंना तिचं जेवणं.”

“मग?”

“पयल्या घासालाच ताट सारलं तिनं. म्हनली, दगडू, ह्याच्यात मीठ हाय. दोन दिस बोलली नाय माझ्याशी.”

मला हे ऐकून बरं वाटलं आणि पेच आणखी वाढला. कडक पथ्यावर काही आठवडे गेले की जीभ फार तल्लख होते, हे मी पुस्तकात वाचलं होतं आणि पेशंटांकडून ऐकलं होतं. दुधातला खारटपणा कळतो, पालेभाजीतला कळतो. चिमूटभर मीठ ज्या जिभेनं पहिल्या घासाला पकडलं, ती जीभ चोरून मीठ खात असेल हे पटत नव्हतं. मी परत आत गेले आणि बाईंना म्हटलं, “तुमचं स्वतःचं जेवण कसं लागतं हल्ली? नुसता भात घ्या. कसा लागतो?”

बाई जरा घुटमळल्या. “सांगू का ताई? खारट लागतो.”

“बिनमिठाचा भात?”

“व्हय. मला वाटलं मपली जीभच बिघडली. म्हणून कुनाला बोलले नाय. येडी म्हनतील.”

“कधीपासून?”

“होळीच्या अगूदर. टँकर कमी झाला तवापासून.”

ते ऐकून दगडूबा पिठाच्या हातानं उठले आणि कोपऱ्यातल्या ड्रमकडे बघू लागले. टँकरनं धरणाचं पाणी यायचं ते आठवड्यात एखाद्या वेळी येऊ लागलं होतं. बाकी दिवस गल्लीतले सगळे कोपऱ्यावरच्या बोअरचं पाणी भरत. बोअर आटत चालली म्हणून मालकानं ती आणखी खोल नेली होती आणि तळातून येणारं पाणी मचूळ होतं. पोरं नुसतं प्यायची नाहीत, तोंड वाकडं करायची, पण स्वयंपाकाला तेच. बाई तेच पाणी पीत होत्या, त्यात भात शिजवत होत्या, वरण करत होत्या. दिवसभर.

मी ओंजळभर पाणी घेऊन चाखलं. जरा जड लागलं, एवढंच. त्या पाण्यातला भात खाऊन पाहिला, मला तो फक्त भात लागला. त्या दिवशी बाईंच्या जिभेवर विश्वास ठेवण्याशिवाय माझ्याकडे काही साधन नव्हतं. बाटली भरून घेतली आणि तपासायला दिली. पाण्यात क्षार भरपूर निघाले. साध्या माणसाला त्यानं फार बिघडलं नसतं. पण ज्याचा अख्खा इलाज मीठ तोडण्यावर उभा होता त्याला बिघडलं.

पण ते नंतर कळलं. त्या रविवारी बाहेर पहिल्या पाळीची पोरं जेवायला येऊन बसली होती. पूर्वी शेड भरायची म्हणे. त्या दिवशी अर्धी रिकामी होती. बसलेल्यांत सोपान म्हणून एक दांडगा पोरगा होता, ओतकामाच्या भट्टीवर काम करणारा. तो नव्या खानावळीत गेला होता आणि आठवड्यातून एकदा जुन्या ओळखीनं इकडं यायचा. पहिला घास घेऊन त्यानं मोठ्यानं म्हटलं, “मावशी, आमी भट्टीपाशी घाम गाळून येतो. असलं सपक खाऊन हात उचलत नाय. मीठ म्हाग झालं का?”

बाकीचे हसले. वच्छलाबाई हातातला पळा तसाच धरून शेडच्या मधोमध आल्या. मला वाटलं भांडतील. त्यांनी आवाजही चढवला नाही.

“सोपान, मला डोळ्यानं दिसत नव्हतं हे ठाव हाय ना तुला?”

“हाय की.”

“मीठ सोडलं तवा दिसाया लागलं. आता मला बोटभर मीठ मूठभर लागतं. त्यात हे बोरचं पानी खारं. मला वाटतं भाजी खारट झाली, म्हणून मी हात आखडते. तुमाला सपक लागतं. चूक तुमची नाय, माजी बी नाय. पर मला दोन्हीतलं एकच करता येतं. डोळे ठेवू का खानावळ, ते तुमीच सांगा.”

मी दारात उभी होते. एवढ्या वर्षांत मी पथ्य समजावून सांगायची शेकडो भाषणं केली होती, पण इतक्या थोडक्यात कधी जमलं नव्हतं.

सोपान ताटाकडे बघत म्हणाला, “मंग चाखायला आमाला हाक मारायची ना मावशी. त्यात काय येवढं? तुमी फोडणी घाला, मीठ आमी सांगतो.”

“रोज कोन येणार सांगाया?”

“पाळी लावू. कंपनीत लावत्यात तशी.”

दगडूबा म्हणाले, “आन् पान्याचं काय?”

तेही पोरांनीच काढलं. कंपनीच्या आवारात धरणाच्या पाण्याची स्वतंत्र लाइन होती. सोपाननं दुसऱ्या दिवशीपासून सायकलला कॅन अडकवला. पहिल्याच दिवशी फाटकावरच्या वॉचमननं अडवलं. पाणी बाहेर न्यायला मनाई होती, त्या वर्षी पाण्याला पहारा होता. सोपाननं कुणासाठी ते सांगितलं. वॉचमन वच्छलाबाईंकडेच जेवायचा. त्यानं मनाईचा विचार करून सांगितलं, “कॅन नेता येणार नाही. पण कामगारानं स्वतःच्या प्यायच्या बाटल्या किती न्याव्यात ह्याला नियम नाय.” त्यानंतर पोरं पाळी सुटली की प्रत्येकी एक बाटली घेऊन निघायची आणि मावशीच्या माठात रिकामी करून घरी जायची. त्यातली काही पोरं तेव्हा दुसऱ्याच खानावळीत जेवत होती.

मीठ चाखायची पाळी मात्र काही दिवस गाजली. बीडच्या पोराला जे बरोबर वाटे ते खानदेशातल्याला कमी वाटे. एकानं आपल्या पाळीला रस्सा इतका खारट करून ठेवला की सगळ्यांनी मिळून त्याची नेमणूक रद्द केली. शेवटी सोपान आणि वॉचमन एवढे दोघंच राहिले. उन्हाळा संपेपर्यंत शेड पुन्हा भरू लागली. स्वयंपाक चांगला झाला म्हणून, की रोज तिथं मिठावरून तंटा ऐकायला मिळायचा म्हणून, ते मी सांगू शकत नाही.

गोडं पाणी सुरू झाल्यावर बाईंचा दाब खाली आला आणि खालीच राहिला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पुन्हा उजेड टाकून पाहिलं. पडद्याची सूज गेली होती. डाव्या डोळ्यात एका बाजूला धुरकट ठिपका राहिला, तो कायमचा. बाई त्याला ‘माशी’ म्हणायच्या. बोलता बोलता कधी कधी हातानं ती माशी हाकलायच्या आणि मग स्वतःच हसायच्या.

पुढं नव्या गोळ्या आल्या. दमेकऱ्यांना सोसणाऱ्या, पाय न सुजवणाऱ्या. आमच्या डॉक्टरांच्या जागी तरुण डॉक्टर आले. कडक पथ्याचे पेशंट कमी होत होत जवळजवळ संपले आणि माझं काम मधुमेहाकडे वळलं. हे चांगलंच झालं. माणसाच्या ताटातलं मीठ अजिबात काढून घेणं ही काही आनंदाची गोष्ट नव्हती. तरी माझ्या हातातली एक कला निकामी झाली याची थोडी रुखरुख लागली, हे नाकारत नाही. बिनमिठाचं भरलं वांगं आता कुणी विचारत नाही.

वच्छलाबाईंना नवी गोळी लागू पडली. काही महिने बघून तरुण डॉक्टर त्यांना म्हणाले, “मावशी, आता एवढं कडक राहायची गरज नाही. जेवणात थोडं मीठ चालेल. लोणचं-पापड नको, पण भाजी-आमटीत घाला.”

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्या एवढंच म्हणाल्या, “ताई, रविवारी या जेवायला.”

मी गेले. बजाजनगर ओळखू येत नव्हतं. पत्र्यांच्या जागी तीन-तीन मजले, रस्त्यावर मोबाइलची दुकानं. पोरांची लग्नं होऊन ती आपापल्या घरात जेवत होती. सोपान दोन लेकरांचा बाप झाला होता. खानावळ बंद होऊनही बराच काळ लोटला होता. दगडूबा थकले होते, पण भाकरी तेच थापत होते आणि मला सांगायला हवं की आता ती चांगली होत होती.

बाईंनी पिठलं केलं होतं. लसूण, हिरवी मिरची, वर कोथिंबीर. माझ्यासमोर ताट ठेवलं, दगडूबांना वाढलं, मग स्वतःचं ताट घेतलं. तिघांना एकाच कढईतलं. लग्नानंतर कितीतरी वर्षं असंच होतं आणि मग मधली सगळी वर्षं त्यांचं भांडं वेगळं चढत होतं. दगडूबा जेवायचे थांबून बघत होते. मीही थांबले.

बाईंनी भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्याला लावला, तोंडात घातला. सावकाश चावला. चेहऱ्यावर काही उमटलं नाही. दुसरा घास घेतला. जणू काही आठवायचा प्रयत्न करत असाव्यात तशा त्या समोर बघत होत्या.

“कसं लागतंय?” दगडूबांनी विचारलं.

त्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि आपल्या ताटातलं पिठलं वाटीनं उचलून माझ्या ताटात घातलं.

“तुमी खा ताई,” त्या म्हणाल्या. “मला ह्याच्यात मीठच लागतंय. पिठलं लागंना.”

आणि उठून त्यांनी चुलीवर छोटं पातेलं ठेवलं.

मी दोघींचं पिठलं खाल्लं. ते फार चांगलं झालं होतं.